पहिल्या पावसात तळं नितळ झालं आणि जिताडे मेले. बांधावरच्या गाळामुळे असेल का?

खाजणवाला_८८

नमस्कार मंडळी. वसईच्या खाडीला लागून, भिवंडीच्या बाजूला, आमचं खाजणात पिढीजात तळं आहे. सव्वा एकर. उधाणाला उघाडीतून (बांधातल्या झडपेतून) पाणी आत घ्यायचं, पावसाळ्यात खाडीत मिळणारी जिताड्याची पिल्लं सोडायची, बोई आणि कोळंबी आपली आपण येते. धंदा म्हणावा एवढं मोठं नाही, पण घरचा मासा मिळतो आणि गटारीच्या आधी चार पैसे सुटतात.

बाहेरचा बांध दोन वर्षं खचत होता, एकदा खांडही पडली. फेब्रुवारीत जवळच एका जेट्टीसाठी खाडीतला गाळ काढत होते. ठेकेदाराचा माणूस स्वतःहून आला, बोलला, गाळ फुकट टाकून देतो, तुम्ही फक्त डंपरला वाट द्या. बाबांना बरं वाटलं. साठेक डंपर पडले. अर्धा गाळ बांधावर चढवला, उरलेल्याचा तळ्याच्या कोपऱ्याशी ढीग आहे. आला तेव्हा काळाकुट्ट, लोण्यासारखा मऊ, सडक्या अंड्याचा वास. मे महिन्यात वाळून भेगाळला आणि वरून तांबूस झाला. भेगांच्या आत फिकट पिवळे पट्टे.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस रात्रभर पडला. सकाळी बाबांनी हाक मारली, "पाणी बघ." तळं पुरुषभर खोल आहे आणि तळाची काडी न काडी दिसत होती. आमच्या तळ्याचा तळ मी जन्मात पाहिला नव्हता. बाबा खूश, पावसाने पाणी स्वच्छ केलं बोलले. त्याच संध्याकाळी कोळंबी काठाला लागली. तिसऱ्या दिवशी जिताडे. दोन-दोन किलोचे. कल्ले उघडून बघितले तर लाल नाहीत, वर तपकिरी साय धरल्यासारखी.

पाचव्या दिवशी एका खासगी लॅबला पाणी आणि गाळ दिला. गाळात, एका किलोमागे मिलिग्रॅममध्ये: तांबं १३८, जस्त २१२, शिसं ४१, कॅडमियम ०.९. पाण्यात, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये: तांबं ०.०५ पेक्षा कमी, जस्त ०.१८, शिसं आणि कॅडमियम "आढळले नाही". शेरा असा: पाणी मर्यादेत, गाळ तांब्याने प्रदूषित, सरासरीच्या तिप्पट.

ठेकेदाराचा माणूस आता फोन उचलत नाही. प्रश्न तीन. पाण्यात काही नाही तर मासा मेला कशाने? गाळातला धातू खरंच पाण्यात उतरतो का? आणि उरलेल्या ढिगाचं काय करू?

---

कोलबी_किंग

दादा, यात धातूबितू काही नाही. पहिल्या पावसात गोडं पाणी वर तरंगतं, खालच्या खाऱ्या पाण्याला हवा लागत नाही, ऑक्सिजन संपतो. दर वर्षी कुणाची ना कुणाची तळी अशी जातात. एरेटर घ्या, भाड्याने पण मिळतो. आणि चुना मारा.

---

पिपेटवाली

खाजणवाला, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य लॅबच्या रिपोर्टमध्ये नाही, "तळाची काडी न काडी दिसत होती" हे आहे. त्यावरच थांबू.

कोलबी_किंग म्हणतात तसं होतं, मीही पाहिलंय. पण ऑक्सिजनने मासा जातो तेव्हा पहाटे जातो, आणि जायच्या आधी वर येऊन तोंड उघडतो. पाणी हिरवट किंवा मातकट असतं, आरशासारखं होत नाही.  तुमच्याकडे कोळंबी संध्याकाळी काठाला लागली, पहाटे नाही. खाडीचं पाणी एका रात्रीत नितळ व्हायला त्यात कुणीतरी तुरटी फिरवावी लागते. तुमच्या बांधाने नेमकी तीच केली. उपमा म्हणून बोलत नाही, रसायन खरोखर तेच आहे. कसं ते सांगते.

मी तीसेक वर्षं एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात काढली, त्यातली बरीच ओहोटीच्या वेळी गुडघाभर रेंद्यात. सुरुवातीची गोष्ट. खाडीतून प्लास्टिकच्या पारदर्शक नळीत गाळाचा उभा नमुना काढून आणला, थकले होते, नळी तशीच टेबलावर ठेवून घरी गेले. सकाळी बघते तर वरचं बोटभर तपकिरी, खालचं सगळं काळं, आणि मधली रेघ पट्टीने मारल्यासारखी. मला मौज वाटली. सरांना वाटली नाही. म्हणाले, नमुना गेला, आता तू मोजशील तो खाडीचा गाळ नव्हे, तुझ्या टेबलावरचा गाळ. तेव्हापासून पिशवी लोणच्याच्या बरणीसारखी काठोकाठ दाबून भरायची, हवेला जागा ठेवायची नाही, आणि थेट बर्फात.

त्या एका रेघेत तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर आहे.

खाडीच्या तळाशी बोटभर खाली गेलं की ऑक्सिजन नसतो. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि सल्फाईड सोडतात, तोच सडक्या अंड्याचा वास. उल्हास नदीचं खोरं सगळं बसाल्टचं, म्हणजे लोखंडाला तोटा नाही. सल्फाईड आणि लोखंड जुळले की काळा लोह सल्फाईड, आणि वर्षं गेली की पायराईट, लोखंड-गंधकाचंच टणक खनिज. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली, भिवंडी अशा सगळ्या गावांचं सांडपाणी या खोऱ्यातून खाली येतं. त्यातलं तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम या सल्फाईडला लोखंडापेक्षाही घट्ट चिकटतं. लोखंडाला बाजूला सारून स्वतः बसतं. त्यामुळे काळा गाळ काळा आहे, ओला आहे, पाण्याखाली आहे, तोवर हे धातू त्यात असूनही बाहेर फारसे पडत नाहीत. गाळात आकडा मोठा आणि वरच्या पाण्यात जवळपास काही नाही, हे एकाच वेळी खरं असू शकतं. यात लबाडी कुणाची नसते.

आता तो गाळ उपसून तुम्ही उन्हात टाकलात. काळा लोह सल्फाईड हवेत काही तासांत मोडतो. पायराईट सावकाश, आठवडे आणि महिने घेतं, तुमचा फेब्रुवारी ते मे. एक किलो पायराईट पूर्ण जळलं (जळणं म्हणजे इथे ऑक्सिजनशी संयोग) तर दीड किलोहून जास्त गंधकाम्ल तयार होतं. तुम्हाला दिसलेला तांबूस रंग म्हणजे त्यातल्या लोखंडाचा गंज. आणि भेगांतले ते फिकट पिवळे पट्टे, हळदीत पीठ कालवल्यासारखे असतील तर ते जारोसाईट नावाचं खनिज. ते पीएच (आम्लपणाचं माप, ७ म्हणजे उदासीन, जितकं खाली तितकं जास्त आम्ल) चारच्या खाली गेल्याशिवाय सहसा तयारच होत नाही. म्हणजे उन्हाळाभर तुमचा बांध आतून चांगलाच आंबट होत होता.

या आम्लाने चिकणमातीतलं अ‍ॅल्युमिनियम सोडवलं. अ‍ॅल्युमिनियम आणि सल्फेट एकत्र, म्हणजे तुरटीचंच कुटुंब. पहिल्या पावसाने ते धुऊन तळ्यात आणलं, तिथे थोडा क्षार मिळताच त्याचे पुंजके झाले आणि पाण्यातली सगळी माती घेऊन खाली बसले. पाणी नितळ. तेच अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड कल्ल्यांवरही बसतं, ती तुम्ही पाहिलेली साय. मासा पाण्यात असून गुदमरतो. त्याच आम्लात तांबं, जस्त, कॅडमियम, मँगनीजही सुटं झालं. तुमच्या माशांचा मुख्य मारेकरी आम्ल आणि अ‍ॅल्युमिनियम, बाकी धातू त्यांच्या साथीला. मृत्यूचा दाखला मागाल तर मी असा लिहीन.

आता लॅबचा रिपोर्ट. यावर माझं रक्त थोडं तापतं, सांभाळून घ्या.

"मर्यादेत" म्हणजे कुणाच्या मर्यादेत? जस्त ०.१८ ला हिरवा शेरा मारलाय म्हणजे पिण्याच्या पाण्याचं मानक लावलंय. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात जस्त लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १५ पर्यंत. माणूस दोन पेले पितो आणि मोकळा होतो, मासा त्यात चोवीस तास कल्ले उघडून असतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने खाऱ्या पाण्यातल्या जिवांसाठी जस्ताची दीर्घकाळची मर्यादा लिटरला ८१ मायक्रोग्रॅम ठेवली आहे (हजार मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम). तुमचे १८० मायक्रोग्रॅम. दुपटीहून जास्त, आणि तेही पाचव्या दिवशी, मध्ये उघाडीतून पाणी आत-बाहेर झाल्यावर.

तांब्याचं तर विचारूच नका. त्यांचं यंत्र किंवा त्यांची पद्धत ५० मायक्रोग्रॅमच्या खाली बघूच शकत नाही. खारं पाणी यंत्राला सोसत नाही म्हणून दहा-वीस पट पातळ करतात, की नजर आणखी कमी होते. समुद्री जिवांसाठी तांब्याची मर्यादा आहे ३.१ मायक्रोग्रॅम. "०.०५ पेक्षा कमी" याचा अर्थ एवढाच, की हत्तीच्या काट्यावर मांजर ठेवलं आणि काटा हलला नाही.

आणि सगळ्यात मोठी चूक: पीएच लावलेलाच नाही. दहा रुपयांची पट्टी!

गाळातलं तांबं "सरासरीच्या तिप्पट" म्हणजे त्यांनी जगभरच्या शेल खडकाची सरासरी घेतली, किलोला ४५ मिलिग्रॅम. पुस्तकात तीच असते. पण आपल्या दख्खनच्या बसाल्टमध्येच तांबं शंभर-दोनशेच्या घरात असतं. सह्याद्री झिजून जो चिखल होतो त्यात १३८ ही घरची मिळकत असू शकते. उलट शिसं बसाल्टमध्ये अगदी थोडं, त्यामुळे तुमचे ४१ मला तांब्याच्या १३८ पेक्षा जास्त बोलके वाटतात. कॅडमियम ०.९ तसंच. लाल शाई चुकीच्या ओळीवर पडली आहे.

एक आकडा मात्र कुठल्याच लॅबच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये नसतो, आणि तोच हवा असतो: धातू कशाला धरून बसलाय. त्यासाठी टेसियर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पाच पायऱ्यांची पद्धत दिली. एकाच गाळाला आधी सौम्य, मग एकेक पायरीने कडक द्रावणात ढवळायचं आणि प्रत्येक वेळी काय सुटलं ते मोजायचं. नुसत्या मिठाने सुटतं ते एक, कार्बोनेटमधलं, गंजातलं, सेंद्रिय-सल्फाईडमधलं, आणि शेवटी खडकाच्या हाडात बसलेलं, जे कधीच येणार नाही. मी शेकडो नमुने असे ढवळलेत. कंटाळवाणं काम, पण एकूण १३८ मधले सुटण्यासारखे दहा आहेत की ऐंशी, ते त्याशिवाय कळत नाही.

आता आधी पीएचची पट्टी आणा. तळं, बांधाच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी, आणि ढिगाच्या मधला ओला गाळ, तिन्ही मोजून इथे टाका. मग ढिगाचं बोलू.

---

उतान_७२

ताई, लिहिलंय भारी, पण एक पटत नाय. आमी रेतीच्या टायमाला खाडीतच होतो. मुंब्र्यापासून काल्हेरपर्यंत सक्शन पंप रात्रंदिवस चालायचे. पंपाच्या मागे पाणी डांबरासारखं काळं व्हायचं, अर्धा मैल. तुमच्या हिशोबाने सगळा गाळ उघडा पडला, सगळे धातू सुटले. मग खाडीत मासा मेलेला का नाय दिसला? मासा पळायचा, दोन दिवसांनी परत यायचा. परत आले नाय ते निवटे. ते बिळातले, बीळच गेलं.

---

पिपेटवाली

उतानदादा, हा प्रश्न परीक्षेत विचारायला हवा होता मी, कधी सुचला नाही.

खाडीत गाळ ढवळला की काळा सल्फाईड तिथेही मोडतो. जाताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतो, म्हणून मासा पळतो. काही धातू खरंच सुटतात, जस्त आणि कॅडमियम जास्त, शिसं कमी. पण त्याच वेळी सुटलेल्या लोखंडाचा तिथल्या तिथे गंज होतो, अगदी बारीक भुकटी, आणि ती भुकटी सुटलेले धातू परत पकडते. खाडीचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं, आम्ल झालंच तर मारून टाकतं. काही तासांत बराचसा हिशेब मिटतो. शिवाय पायराईटला मोडायला तेवढा वेळच मिळत नाही, भरती फिरली की गाळ पुन्हा खाली. बांधावर मात्र चार महिने ऊन, आणि आम्ल मारायला कुणी नाही. पीएच चारला गंजाची ती भुकटी जस्त-कॅडमियम धरूच शकत नाही, हात सुटतात तिचे.

तरी खाडीत सगळं परत बसतं असंही नाही. कॅडमियमचा स्वभाव वेगळा. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराईडशी त्याची जोडी जमते आणि मग ते मातीच्या कणाला सोडून पाण्यातच राहतं. गोड्या नदीत कणाला चिकटून गुमान आलेलं कॅडमियम खाडीच्या मध्यावर, अर्धं गोडं अर्धं खारं होतं तिथे, सुटायला लागतं. म्हणून कॅडमियम मोजायचं तर नदीत आणि समुद्रात मोजून भागत नाही, मधेच मोजावं लागतं.

मँगनीजची तिसरीच तऱ्हा. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी लहान असते तेव्हा) पाणी कमी हलतं, त्यात मे महिना, वरून सांडपाणी, तळाशी ऑक्सिजन जवळपास संपतो. मग गाळातला मँगनीजचा काळपट थर विरघळून पाण्यात येतो, आणि कोबाल्टसारखे त्याच्या अंगावरचे धातू त्याच्यासोबत. उधाण आलं, हवा मिसळली, की परत खाली. दर पंधरवड्याला ही ये-जा चालू, कुणी गाळ उपसो वा न उपसो.

---

गारोनकाठची

मी मुलुंडची, गेली अकरा वर्षं फ्रान्समध्ये, बोर्दोत. कॅडमियम क्लोराईडशी जोडी जमवतं हे वाचून राहवलं नाही, कारण ते इथे सगळ्यांना पाठ आहे. इथून नदीच्या वाटेने तीनशेहून जास्त किलोमीटर वर देकाझव्हील नावाचं गाव आहे, त्या भागात जस्ताचा जुना उद्योग. १९८६ मध्ये तिथे मोठी गळती झाली. पण त्याच्या आधीपासून कॅडमियम एका छोट्या ओढ्यातून लॉत नदीत, तिथून गारोनमध्ये आणि मग जिरोंदच्या खाडीत येतच होतं. वाटेत सगळं मातीच्या कणांवर. खाडीत मीठ लागलं की सुटं. जिरोंदची कालवं (ऑयस्टर) त्यात अशी काही सापडली की १९९६ मध्ये तिथे खाण्यासाठी कालवं वाढवायला बंदी आली. खनिजातून जस्त काढणं केव्हाच थांबलं, पण लॉतच्या धरणांमागे जुना गाळ बसून आहे आणि मोठा पूर आला की थोडा पुढे सरकतो.

युरोपात शिंपल्यांतल्या कॅडमियमची मर्यादा किलो ओल्या मांसामागे १ मिलिग्रॅम. खाजणवाला, तुमच्या उघाडीजवळ दगडांवर कालवं असतील तर पाण्याऐवजी ती द्या लॅबला. पाण्याचा नमुना त्या मिनिटाचा असतो, कालव महिनोन् महिने पाणी गाळून साठवत आलेलं असतं. (आणि हो, इथली दुसऱ्या खाडीतली कालवं लिंबू पिळून कच्ची खातात. आई आली होती, तिने एक बघितलं आणि विचारलं, "कोकम, खोबरं काहीच नाही?")

---

खाजणवाला_८८

सगळ्यांचे आभार. काल बाबांना बसवून ताईंचं पूर्ण वाचून दाखवलं. तुरटीवर आले तसे उठून बाहेर गेले. रात्री जेवताना एवढंच बोलले, "मीच बोललो होतो, पाणी स्वच्छ झालं."

आज पट्टी लावली. तळं, मधोमध: ५ आणि ५.५ च्या मध्ये. बांधाच्या पायथ्याशी आतल्या बाजूने जिथे तेलकट रंगीत साय येते तिथलं झिरपतं पाणी: ३.५. दोनदा लावली, विश्वास बसेना म्हणून. बांधाच्या जुन्या भागात, जिथे हा गाळ टाकलेला नाही: ७. ढीग वरून ४, पण फावड्याने हातभर खोदलं तर आत अजून काळा, लोण्यासारखा आणि तिथे ७. वास तोच.

कालवं आहेत उघाडीच्या दगडांना. शेजारची मावशी दर ओहोटीला काढते. तिला थांबायला सांगितलं तर बोलली, तुझ्या आज्याने खाल्ली, तो नव्वदीत गेला.

मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साईड आणून आतल्या काळ्या गाळावर टाकलं, यूट्यूबवर बघून. फसफसलं जोरात.

---

पिपेटवाली

फसफसण्यावर जाऊ नका. कुजलेला पालापाचोळा आणि मँगनीजही फसफसतो. लॅबमध्ये तीस टक्क्यांचं वापरतात आणि फेस बसल्यावर पीएच किती उरला ते बघतात, तीनच्या खाली गेला तर पायराईट जवळपास नक्की. ते तीस टक्क्यांचं घरी आणू नका, कातडी पांढरी करतं. तुमच्यासाठी सोपी परीक्षा: आतल्या काळ्या गाळाची पोळीएवढी जाड थापी करा, ताटलीत सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडून ओलसर ठेवा, वाळू देऊ नका आणि बुडवूही नका. आठ आठवड्यांत सातवरून चारच्या खाली आला तर त्या ढिगाच्या पोटात काय आहे ते कळलं. खरं सांगायचं तर तुमच्या बांधाने ही परीक्षा आधीच दिली आहे, साडेतीन मार्क मिळवून.

तुमचे आकडे बघून माझं मत असं. ढिगाचा आतला भाग ७ आहे, म्हणजे अजून झोपलेला आहे. त्याला उठवू नका. पसरवून वाळवायचा मोह होईल, शेजारी म्हणतील शेतात टाका, नाही. वरचा वाळलेला थर आणि आतला काळा, दोन्ही एकत्र करू नका. काळा भाग पाण्याखाली राहील अशी जागा असेल, तळ्याबाहेर एखादा जुना खड्डा जो बारा महिने भरलेला असतो, तर तिथे तो बुडवून ठेवणं सगळ्यात स्वस्त. तळ्यात नको, आणि खाडीत परत लोटायचा विचार तर करूच नका. ती परवानगीची बाब आहे, आणि परवानगी ठेकेदाराने काढायची, तुम्ही नाही. गाळ कुठे टाकायचा हे त्याच्या कामाच्या कागदात लिहिलेलं असणार. तो कागद माहितीच्या अधिकारात मागा. तुमच्या बांधाचं नाव त्यात सापडलं तर मला नवल वाटेल.

बांधाचं: आतल्या उतारावर शेतीचा चुना, म्हणजे चुनखडीची भुकटी. कळीचा चुना नको, पीएच एकदम वर उडवतो आणि उरलेसुरले मासे त्याने मरतील. एक किलो पायराईटला पावणेदोन किलोच्या आसपास चुनखडी लागते, म्हणजे सगळा बांध चुन्याने शांत करणं तुमच्या खिशाला झेपणार नाही. वरची वीतभर माती आणि पाणी झिरपतं तो पायथा एवढंच धरा. जुन्या बांधाची चांगली माती वर चोपून बसवा, हवा आत जायची थांबली की आम्लाचा कारखाना मंदावतो. खारं गवत येईल ते येऊ द्या, उपटू नका.

आणि तुमच्याकडे एक फुकटचा चुना आहे, उधाण. समुद्राच्या एक घनमीटर पाण्यात साधारण शंभर ग्रॅम चुनखडीइतकं आम्ल मारायची ताकद असते. पावसात खाडी गोडी होते तेव्हा ती कमी पडते, म्हणून दोन-चार दिवस उघडीप असेल असं उधाण बघून पाणी घ्या. मोठा पाऊस यायच्या आधी मात्र तळ्याची पातळी वर ठेवा, बांधाचा पायथा बुडालेला राहील एवढी. पहिल्या धुण्याचं पाणी तळ्यात साठवू नका, पायथ्याशी चर खणून वेगळं अडवा आणि चर चुनखडीने भरा. पुढची दोन-तीन वर्षं तरी जूनमध्ये हे करावं लागेल, थोडं थोडं कमी होत.

पीएच सातच्या आसपास आला की सुटलेलं तांबं, शिसं, बरंचसं जस्त परत गंजावर बसेल, तळाशी. कॅडमियमची मला तेवढी खात्री नाही, ते मिठाच्या संगतीत आहे. म्हणून बोर्दोच्या ताईंचं ऐका, मावशींच्या कालवांतली वीसेक द्या तपासायला. लॅबला आधी विचारा, किती खालपर्यंत मोजता. उत्तर देता आलं नाही तर दुसरी लॅब. आजोबा नव्वदीत गेले ते बरंच झालं, पण त्यांच्या कालवांनी गाळलेलं पाणी वेगळं होतं.

---

उतान_७२

ताईंचं बरोबर हाय. पंप बोटीवर होता तो पण बरा, माल पाण्यातच राहायचा. आमच्या बंदराला रेती चाळून उरलेला काळा गाळ टाकायचे, तिथे आजून तिवर धरत नाय. आमी समजायचो डिझेल सांडलं असेल. दादा, पट्टी कुठे मिळते? मला पण लावून बघायची हाय.

---

खाजणवाला_८८

उतानकाका, शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळाली, ठाण्यात स्टेशनजवळ. माझ्याकडे अर्धी वही उरली आहे, या कधीही.

थोडं पुढचं सांगतो. चर खणला, चुनखडीच्या चाळीस गोणी लागल्या. पुनवेच्या उधाणाला तीन दिवस पाणी आत-बाहेर केलं. आज तळ्यात ७ च्या जरा खाली. चरात अजून ४. कालवं एका दुसऱ्या लॅबला दिली आहेत, त्यांनी किती खालपर्यंत मोजतो ते न विचारता सांगितलं. मावशी रुसली आहे.

या वर्षीची जिताड्याची पिल्लं मिळाली, पंचवीस-तीस. घरामागच्या टाकीत ठेवली आहेत. मी बोललो सोडूया आता. बाबा रोज सकाळी काठावर जाऊन उभे राहतात आणि परत येतात. तळ अजून दिसतोय, म्हणतात. गढूळ होऊ दे.